रानातील वस्तूंचे हिवाळी कडे



जर्मनीतील हँबुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी एक संस्था काढली. नाताळला किती दिवस उरले, असे मुले वारंवार विचारीत. म्हणून १८३९ मध्ये विखर्न यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर वारांच्या लहान तांबड्या. रोज एक पेटवावयाची. मुलांचे दिवस मोजणे आपोआप होऊ लागले. पुढे चाकाभोवती फर वृक्षाच्या सदाहरित फांद्या आल्या, आणि नाताळपूर्वी युरोपात घरोघरी दिसणारे मेणबत्त्यांचे हिरवे कडे त्यातून रूढ झाले.

त्याची कृती सोपी आहे. विलो किंवा बर्च झाडाच्या डहाळ्या ओल्या असतानाच वाकवितात. पहिलीची टोके एकमेकांत गुंतवून तिच्यावर दुसरी, तिसरी पिळा देत फिरविली की कडे घट्ट होते. मग वीतभर फांद्यांच्या जुड्या सुतळीने बांधीत जावयाचे. प्रत्येक नव्या जुडीने मागच्या जुडीचे देठ झाकावे. दिशा चुकली की सुतळी उघडी पडते. मुलांच्या हातून बहुधा येथेच गडबड होते. शेवटी पाइनची सुकी फळे खोचतात. ही फळे कोरड्या हवेत उमलतात व भिजली की मिटतात, हा निसर्गाभ्यासाचा आयता पाठच होय.

परंतु हाताच्या कौशल्याआधी झाडांची ओळख हवी. तिकडील यू वृक्षाची पाने व बी विषारी. हॉलीची सुंदर तांबडी फळे पोटात गेल्यास वांती होते. शिवाय हिवाळ्यात तीच फळे पाखरांचे अन्न असतात. म्हणून जाणती माणसे एकच झाड न ओरबाडता चार ठिकाणांहून थोडे थोडे घेतात. दसऱ्याला आपट्याची जी दशा होते ती पाहिलेल्यास याचे कारण सांगावयास नको.

आपल्याकडे फर नाही, त्यावाचून अडतही नाही. टोपल्या विणण्याजोगी लवचिक निर्गुडी बांधावर मिळते. गळून पडलेली सागाची फळे व शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा शोभेस पुरतात. गुंजा मात्र कितीही मोहक दिसल्या तरी मुलांच्या हाती देऊ नयेत. चावली गेलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत पिकतात. त्या कशा ओळखाव्यात, हे शिक्षकाने मुलांना रानात नेण्यापूर्वीच दाखवून ठेवावे.

पाला वाळल्यावर सुतळी सोडवून ठेवावी व पाला शाळेच्या खतखड्ड्यात टाकावा. निर्गुडीचे कडे पुढील वर्षीही उपयोगी पडते.