संशोधनाचा आरंभ : एका प्रतापगडाचें उदाहरण

महाविद्यालयांत संशोधनाचा विषय मिळाला कीं विद्यार्थी प्रथम जाडजूड ग्रंथांकडे धांव घेतो, आणि पुष्कळदां तेथेंच त्याची वाट चुकते. श्रोत्यांनीं गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील प्रतापगड डोळ्यांपुढें आणावा. तेथील एखाद्या मुलानें ‘प्रतापगडाचा इतिहास’ हा विषय घेऊन ग्रंथालयांत पुस्तकें चाळलीं, तर त्याला बहुधा सातारा जिल्ह्यांतील प्रतापगड भेटतो, १६५९ चा अफजलखानवध भेटतो. घराजवळचा गड मात्र भेटत नाहीं! नामसाम्याचा हा घोळ आधीं उकलला पाहिजे.

दुसरी अडचण जिल्ह्याची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं निर्माण झाला. तत्पूर्वीं हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून रसेल यांनीं संपादिलेलें १९०८ चें गॅझेटियर भंडाऱ्याच्याच नांवानें मागावें लागतें. शिवाय १९५६ पर्यंत भंडारा हा प्रथम मध्यप्रांतांत व मागाहून मध्यप्रदेशांत होता, आणि राजधानी होती नागपूर. तेव्हां जुन्या सरकारी कागदांचा शोध मुंबईपेक्षां नागपुरांत आरंभिणें शहाणपणाचें. अशा वेळीं ग्रंथपालासारखा वाटाड्या नाहीं. पण विद्यार्थी त्याला विचारावयास लाजतात, हें नवल होय.

आतां विषय. ‘इतिहास’ हा शब्द फार मोठा. त्याला कातरी लावावी. प्रतापगडास महादेवाचें देवस्थान आहे, तसाच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. मग यात्रेकरू कोणकोणत्या गांवांहून येतात? ते दोन्ही ठिकाणीं माथा टेकतात काय? एवढा प्रश्न एका वर्षास पुरून उरेल. त्याचें उत्तर प्रथम माणसांपाशीं शोधावें. गॅझेटियर कपाटांत आणखी दहा वर्षें थांबेल. ऐंशी वर्षांचे आजोबा थांबतीलच असें नाहीं. त्यांचें बोलणें त्यांच्याच बोलींत उतरून घ्यावें. दिवस, गांव, वय आणि ‘ही हकीकत आपण कोणाकडून ऐकली?’ याचें उत्तर शेजारीं टिपावें. दोघांच्या सांगण्यांत अंतर पडलें तर दोन्ही लिहावीं. मध्यें आपली तिसरी कथा घुसडूं नये.

पहिल्या आठवड्याअखेर प्राध्यापकांपुढें ठेवावयास एक पान पुरे : वर प्रश्न, त्याखालीं जीं माणसें भेटावयाचीं त्यांचीं नांवें, आणि जें पुस्तक अद्यापि हातीं आलें नाहीं त्याचें नांव.