बिबळ्याचा पेला आणि मधुमेह



राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडीकडच्या मंडळींना बिबळ्याची ओळख करून द्यायला नको. सालीवर कोयता बसला की रक्तासारखा लाल डिंक येतो, तेच हे झाड. आयुर्वेदात याला विजयसार म्हणतात आणि याच्या गाभ्याचं लाकूड मधुमेहावर वापरतात. बाजारात या लाकडाचे पेले मिळतात. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी प्या, साखर गेलीच म्हणून समजा, असं विकणारा सांगतो. यात खरं किती, ते आज पाहू.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या लाकडाच्या अर्काची चाचणी घेतली. निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. मधुमेह नुकताच लक्षात आलेल्या 97 रुग्णांना दिवसाला 2 ते 4 ग्रॅम अर्क दिला. 12 आठवड्यांत 67 जणांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात आली.

म्हणजे झाडात गुण दिसतो. पण नव्या खताची परीक्षा आपण कशी घेतो? एका वाफ्याला खत घालतो, शेजारचा तसाच ठेवतो. नाहीतर पीक खतानं आलं की पावसानं, हे कळणार कसं? या चाचणीत असा शेजारचा वाफा नव्हता. सगळ्यांनाच अर्क दिला होता. शिवाय दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 9.8 वरून 9.4 पर्यंतच उतरली. ती साधारण 7 च्या आत आणायची असते.

आणखी एक गोष्ट. चाचणीतला अर्क मोजून दिलेला होता. पेल्याच्या पाण्यात किती अर्क उतरला, याला माप नाही.

वनस्पतीतून औषध निघतं, बरं का! मेटफॉर्मिन गोळीचं मूळ युरोपातल्या गॅलेगा वनस्पतीत आहे. ती चरून मेंढरं दगावतात. त्यातल्या द्रव्याचा धागा धरून प्रयोगशाळेत वेगळं द्रव्य तयार झालं आणि 1957 साली फ्रान्समध्ये डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरलं. आज डॉक्टर तीच गोळी मोजून देतात.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

1. पेल्याच्या भरवशावर इन्शुलिन किंवा गोळ्या बंद करू नका. इन्शुलिन अचानक सोडलं तर जिवावर बेततं.

2. काढा, अर्क घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर किंवा गूळ खा.

3. गुण आला की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

4. गाभ्याचं लाकूड काढायचं म्हणजे झाड आडवंच करावं लागतं. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात बिबळ्याची नोंद आहे. मालकीच्या रानातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडू नका. उलट बांधावर दोन रोपं लावा.

औषध पारखायचं ते बियाण्यासारखं : ऐकून नव्हे, उगवण पाहून. रामराम!