नवे सरकार आणि नागरिकांची अपेक्षा



निवडणूक संपते, नवे मंत्रिमंडळ शपथ घेते आणि वर्तमानपत्रांतून खातेवाटपाची चर्चा रंगू लागते. त्याच सुमारास सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखादा शेतकरी सकाळच्या पहिल्या बसने मामलेदार कचेरीकडे निघालेला असतो. कोणते खाते कोणाकडे गेले याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. वडिलांच्या पश्चात आपले नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर चढले की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. ‘साहेब निवडणुकीच्या कामावर आहेत, नंतर या’ हे उत्तर त्याने महिनाभर ऐकलेले असते आणि प्रत्येक खेपेला त्याचा दिवस बुडालेला असतो. नव्या सरकारची पहिली परीक्षा त्याच कचेरीच्या खिडकीपाशी होते.

गोमंतकीय जनतेने अशी परीक्षा प्रथम घेतली ती 1963 साली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढे दोन वर्षांनी तीस सभासदांच्या विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. श्री. दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त सरकार अधिकारावर आले. मुक्तीपर्यंत राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. सामान्य माणसाला आपले गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत सरकारदरबारी मांडणेही कठीण होते. त्या जनतेच्या अपेक्षा अगदी साध्या होत्या: गावात शाळा असावी, वाडीपर्यंत रस्ता यावा, पिण्याचे पाणी मिळावे आणि कसणाऱ्याच्या पायाखालची जमीन सुरक्षित राहावी. त्या सरकारच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या आणि 1964 साली कूळ कायदा संमत झाला. ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्या घरातील मूल पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले. राज्य आपले आहे, याची खूण लोकांना त्या पाटीत दिसली.

त्यानंतर पुष्कळ काही उभे राहिले. 1980 साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. 1987 साली गोवा घटक राज्य बनले. 2022 साली ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारे गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. मात्र जसजशी सोय उभी राहते, तसतशी अपेक्षाही पुढे सरकते, आणि ते योग्यच आहे. नळ आला की गृहिणी विचारते, पाणी किती वाजता येणार आणि मे महिन्यात येणार की नाही? आरोग्य केंद्राची इमारत झाली की रुग्ण विचारतो, डॉक्टर कोणत्या वेळी भेटतील? सेवा असावी, ही कालची मागणी होती. ती वेळेवर, सन्मानाने आणि कोणाच्या ओळखीवाचून मिळावी, ही आजची मागणी आहे.

या मागणीला आता कायद्याचा आधार आहे. ठरावीक मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कायदा देशात प्रथम केला तो मध्य प्रदेशाने, 2010 साली. कर्नाटकाने 2011 साली, गोव्याने 2013 साली आणि महाराष्ट्राने 2015 साली असे कायदे केले. म्हणजे इंदूर असो, बेळगाव असो वा पणजी, नागरिकाला दाखला मिळणे ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. कर्नाटकाच्या कायद्यात विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, अर्जदाराला देण्याची तरतूद करण्यात आली. रक्कम अल्प आहे. परंतु नागरिकाच्या वेळेला मोल आहे आणि ते कचेरीने चुकविले पाहिजे, हे तत्त्व तीत मान्य झाले आहे.

तेव्हा नव्या सरकारकडून काय व्हावे? पहिली गोष्ट, निवडणुकीच्या काळात तुंबलेली प्रकरणे मुदत ठरवून निकालात काढावी. दुसरी, प्रत्येक पंचायतीत व कचेरीत सेवा, तिची मुदत, शुल्क आणि अपील कोणाकडे करावयाचे हे दर्शविणारा फलक मराठीत व कोकणीत, मोठ्या अक्षरांत लावावा. तिसरी, रिक्त जागा भराव्या. कारण एकाच सचिवावर दोन पंचायतींचा भार टाकून वक्तशीरपणाची अपेक्षा करणे त्या सेवकावरही अन्याय करणे होय. चौथी, आणि सर्वांत कठीण: ज्याने मत दिले त्याचे काम आधी आणि ज्याने दिले नाही त्याचे मागाहून, असा भेद कोणत्याही खिडकीपाशी होऊ नये. मतदान गुप्त असते ते याचसाठी.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. अर्ज दिल्यावर तारखेची पोच मागून घ्यावी. मुदत टळल्यास आमदारांच्या दारी जाण्यापूर्वी लेखी अपील करावे. चिठ्ठीने झालेले काम एकट्याचे होते, अपिलाने झालेल्या कामाने पुढच्या दहा जणांची वाट मोकळी होते. या बाबतीत गावच्या शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेतील वरच्या वर्गांत अर्ज लिहिणे व पोच जपणे शिकविले, तर मुले ते घरी आईवडिलांना शिकवितील. पाटीच्या रूपाने जे राज्य एके काळी घरात आले, ते अशा रीतीने घरात टिकून राहील.

अधिकारी बंधूंनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मंत्रिमंडळे येतात आणि जातात, खिडकी मात्र तीच राहते. खेड्यातल्या माणसाला सरकारचा चेहरा त्या खिडकीतच दिसतो. पहिल्या बसने आलेला तो शेतकरी दुपारच्या बसने, हाती उतारा घेऊन आणि कोणापुढे हात न जोडता घरी परतला, तर त्याचे मत सार्थकी लागले असे समजावे.