पऱ्हाटीतली आई



निवृत्तीनंतर मी संगणकावर चित्रं काढायला शिकलो. पऱ्हाटीत कापूस वेचतानाचा आईचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तेच चित्र मला हवं होतं.

क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पारदर्शक कागदांसारखे थर एकावर एक ठेवता येतात: खाली यवतमाळची काळी माती, त्यावर पऱ्हाटी, सर्वांत वर आई. एक थर बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. रंग तर हवे तेवढे! पण तिची वाकलेली पाठ, कमरेची भरलेली ओटी संगणक कुठून आणणार? ती आली एलिमेंटरी परीक्षेसाठी सरांनी घोटून घेतलेल्या स्मरणचित्रातून.

चित्र पाहून धाकटी बहीण एवढंच म्हणाली, "माय!"

धन्यवाद, सर.