मोकाट घोड्यांचा धनी

आपल्याकडील कोंडवाडा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. धन्याची नजर चुकवून परक्या शेतात शिरलेले जनावर तेथे नेऊन कोंडावयाचे आणि धनी आला की दंड घेऊन सोडावयाचे, ही जुनी रीत. परंतु ज्याला धनीच नाही, अशा जनावराचे काय करावे? हा प्रश्न एके काळी स्पेनमधील पशुपालकांनाही पडे. कळपातून भरकटलेल्या अशा बेवारस जनावराला ते ‘मेस्तेन्यो’ म्हणत. हा शब्द स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेला, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा ‘मस्टँग’ झाला आणि तेथील रानटी घोड्यांचे तेच नाव पडले. या बेवारस घोड्यांना पुढे धनी कसा मिळाला, ते आज सांगावयाचे आहे.

घोड्याच्या कुळाची उत्क्रांती मुख्यत्वे उत्तर अमेरिकेतच झाली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तेथूनच तो आशियात आला आणि पुढे, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, आपल्या जन्मभूमीतून मात्र नाहीसा झाला. तो परतला तो गलबतातून. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर घोडे नेले. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यापाशी अवघे १६ घोडे होते. त्याच शतकात इराण-अरबस्तानचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरकडे जात असत. दक्षिणेच्या हवेत त्यांची पैदास नीट होत नसे. म्हणून दरसाल नवे घोडे आणावे लागत. अमेरिकेत याच्या अगदी उलट घडले. विस्तीर्ण गवताळ मैदाने मिळताच घोडा तेथे वाढतच गेला.

तेथील मूळ रहिवाशांनी त्याला लवकरच आपलेसे केले. न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो लोकांनी १६८० साली बंड करून स्पॅनिशांना हाकलले, तेव्हा त्यांचे घोडे हाती आले व उत्तरेकडे पसरले, असे पूर्वी मानीत. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते की, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच घोडा दूरवरच्या जमातींपर्यंत पोहोचला होता. तोवर या मैदानांवर ओझे ओढावयास कुत्रा हेच जनावर होते. म्हणून लाकोटा लोकांनी या नव्या सोबत्याला ‘पवित्र कुत्रा’ अशा अर्थाचे नाव दिले. केवढा आदर आहे त्या नावात!

पुढे मैदानांना तारांची कुंपणे पडली, गुराढोरांचे मोठमोठे कळप आले आणि मोकाट घोडा नकोसा झाला. विमानांनी त्याला डोंगरातून हुसकावावे, मोटारींनी दमेपर्यंत पळवावे आणि ट्रकमध्ये कोंबून कत्तलखान्यात न्यावे, असा धंदाच सुरू झाला. त्या मांसाचे पाळीव कुत्र्यामांजरांसाठी खाद्य बनत असे. १९५० साली नेवाडा राज्यात व्हेल्मा जॉन्स्टन ही स्त्री मोटारीने कामावर चालली असता पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना तिला दिसले. तिने त्या ट्रकचा माग काढला. आत जखमी घोडे होते.

ही बाई कोणी पुढारी नव्हती. लहानपणी पोलिओने गाठलेली, कचेरीत चिटणिसाचे काम करणारी साधी गृहिणी. विरोधकांनी तिला ‘रानटी घोड्यांची ॲनी’ म्हणून हिणवले. तिने तेच नाव भूषण म्हणून मिरवले. तिच्या हाकेला शाळकरी मुलांनी ओ दिली आणि त्यांची पत्रे वॉशिंग्टनला जाऊन पडू लागली. १९५९ साली मोटारी व विमाने वापरून घोडे पकडण्यास आणि त्यांच्या पाणवठ्यांत विष कालवण्यास कायद्याने बंदी झाली. आम्ही शिक्षक मुलांकडून पत्रलेखनाचे धडे गिरवून घेतो; त्या धड्याचे असे फळ क्वचितच पाहावयास मिळते.

माँटाना व वायोमिंग या राज्यांच्या सीमेवर प्रायर नावाचे डोंगर आहेत. तेथील घोडे हटवण्याचा सरकारी बेत आसपासच्या गावकऱ्यांनी हाणून पाडला आणि १९६८ साली तो प्रदेश घोड्यांसाठी राखून ठेवण्यात आला. हे घोडे अंगाने लहान पण काटक. कित्येकांच्या पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते आणि पायांवर झेब्र्यासारखे पट्टे. अमेरिकेतील बहुतेक मस्टँगांत पुढे लष्करी व शेतावरच्या घोड्यांचे रक्त मिसळले. प्रायरच्या घोड्यांत मात्र जुन्या स्पॅनिश वंशाच्या खुणा टिकून असल्याचे १९९० नंतरच्या आनुवंशिक तपासण्यांत दिसून आले.

शेवटी १९७१ साली मोठा कायदा झाला. ज्याच्या अंगावर डाग नाही आणि ज्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही, असा सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक घोडा व गाढव राष्ट्राच्या संरक्षणाखाली आले. बेवारस असणे हाच ज्याचा आजवरचा अपराध, त्याला त्याच कारणाने अभय मिळाले!

पण श्रोतेहो, कथा येथे संपत नाही. मारणारा हात थांबला, तशी संख्या वाढली. चारपाच वर्षांत कळप दुप्पट होऊ शकतो. गवत व पाणी यांचा विचार करून सरकारने सुमारे २७,००० जनावरांची मर्यादा ठरवली. २०२० साली मोजदाद ९५,००० च्या घरात गेली. गुराखी म्हणतात, आमच्या गुरांचा चारा जातो. घोड्यांचे कैवारी म्हणतात, चारा खाणारी गुरेच अधिक. या वादात पकडून आणलेली हजारो जनावरे सरकारी आवारांत दिवस कंठीत आहेत. प्रायरच्या डोंगरात घोड्यांना लांबून संततिनियमनाची लस टोचतात. संख्या आवरण्याचा हा उपाय त्यातल्या त्यात दयेचा.

धन्यावाचून हिंडणाऱ्या जिवाला ‘हा आमचा’ म्हणणे सोपे. त्यानंतरची रोजची जबाबदारी अवघड. अमेरिकेने ते शब्द १९७१ साली उच्चारले, आणि त्यांची किंमत ती आजही मोजीत आहे. सर्वांच्या मालकीची वस्तू बहुधा कोणाचीच नसते, हा आपलाही अनुभव आहे: गावची विहीर पाहा, नदीचा घाट पाहा, गायरान पाहा. ज्या दिवशी सर्वांचे ते माझेही आहे असे आपणांस वाटू लागेल, त्या दिवशी एकही जनावर, एकही जागा बेवारस राहणार नाही.