क्लोदीन थेवने: मागावरची शाळा



संमेलनाच्या अध्यक्षांनी सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आभारात घालवायची, अशी आपल्याकडे प्रथा आहे. मी ती एका वाक्यात उरकते. तुम्ही मला इथं बसवलंत, मी तुमची ऋणी आहे. उरलेला वेळ मला एका फ्रेंच बाईसाठी हवा आहे.

तिचं नाव संत क्लोदीन थेवने. पुण्याच्या कॅम्पात आणि मुंबईत भायखळ्याला ‘जीझस अँड मेरी’ या धर्मभगिनींच्या शाळा आहेत. त्यांच्या संघाची ही संस्थापिका. या शाळांत शिकलेल्या मुलींच्या आयांना फीचे आकडे तोंडपाठ असतात. क्लोदीनचं नाव क्वचितच.

१७७४ साली लियाँ शहरात एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी ती जन्मली. सात भावंडांतली दुसरी, घरातलं लाडाचं नाव ग्लादी. फ्रेंच राज्यक्रांतीत लियाँने पॅरिसच्या सत्तेविरुद्ध बंड केलं, वेढा पडला, शहर हरलं आणि सूडसत्र सुरू झालं. जानेवारी १७९४मध्ये तिच्या दोन भावांना देहदंडासाठी नेत होते, तेव्हा ही एकोणीस वर्षांची मुलगी त्यांच्या वाटेवर उभी होती. आम्ही क्षमा केली आहे, तूही कर, एवढाच निरोप त्यांनी तिला दिला. त्या धक्क्यानं तिची मान जी थरथरू लागली, ती मरेपर्यंत.

चरित्रकार इथं बराच वेळ रेंगाळतात. साहजिक आहे. मला मात्र पुढची वीस-एक वर्षं अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत नाट्य अजिबात नाही. ती गोरगरिबांच्या घरी जात राहिली, बस. १८१५च्या सुमारास फादर आंद्रे क्वांद्र यांना सेंट निझिये चर्चपाशी थंडीनं काकडणाऱ्या दोन बेवारस मुली दिसल्या. त्यांना आसरा देण्याचा प्रश्न क्लोदीनपर्यंत आला आणि तिच्या कामाला दिशा मिळाली.

ऑक्टोबर १८१८मध्ये आईचं घर सोडून ती विणकरांच्या क्रुआ-रूस टेकडीवरच्या एका घरात राहायला गेली. सोबत एक कामगार बाई, एक अनाथ मुलगी आणि एक माग. आपण काहीतरी वेडं धाडस करून बसलो आहोत, असं त्या रात्री वाटल्याचं पुढं तिनंच सांगून ठेवलं आहे. संस्थापकांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या आपण सगळ्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी.

दोन वर्षांत काम फुर्विएरच्या टेकडीवर गेलं. अनाथ मुलींना लिहिणं-वाचणं, हिशेब, शिवण, घरकाम आणि रेशीम विणणं शिकवलं जाई. मुलगी संस्थेबाहेर पडली की तिनं स्वतःच्या हातांवर जगलं पाहिजे, हा त्यामागचा रोखठोक विचार. मुलींनी विणलेल्या कापडावर संस्थेचा खर्चही काही अंशी भागे. याला आज आपण बालमजुरी म्हणू का? प्रश्न रास्त आहे, आणि संताचं नाव पुढं करून तो टाळू नये. त्या काळात अशा मुलीपुढं दुसरी वाट बहुधा रस्त्याचीच होती, एवढंच मी तिच्या बाजूनं म्हणेन. शिवाय धनिकांच्या मुलींसाठी तिनं वेगळी निवासी शाळाही चालवली. एकाच बाईनं उघडलेली ही दोन दारं. भारतातल्या मध्यमवर्गाला त्यातलं एकच दिसलं, आणि त्याच्यापुढं आपण रात्रीपासून रांगा लावल्या. गरीब मुलींसाठीचं काम संघानं इथंही सोडलं नाही, पण त्याच्यासाठी कोणी चिठ्ठी-वशिला शोधत नाही.

आणखी एक गोष्ट. १८३१ आणि १८३४ साली लियाँचे विणकर मजुरीच्या दरासाठी रस्त्यावर उतरले आणि लष्करानं ते उठाव मोडले. म्हणजे जे कसब क्लोदीन मुलींच्या हाती देत होती, त्याचाच बाजार डळमळीत होता. कौशल्यशिक्षणाच्या घोषणा करणाऱ्यांनी एवढा इतिहास वाचावा. हातात कला देऊन भागत नाही, त्या कलेला दाम देणारं जग बाहेर आहे का, हेही शाळेनं पाहायचं असतं.

३ फेब्रुवारी १८३७ रोजी ती वारली. पाच वर्षांनी, १८४२मध्ये, तिच्या संघातल्या धर्मभगिनी आग्र्याला पोचल्या. रोमनं तिला संतपद दिलं ते १९९३ साली.

या संमेलनात ठराव बरेच येतील. माझा एक त्यांत घाला. दहावीनंतर किंवा त्याआधीच शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीचं पुढं काय झालं, याची पाच वर्षांची नोंद ठेवणारी वही प्रत्येक शाळेत असावी. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता, येत्या जूनपासून, आपापल्या शाळेत ती सुरू करा.