कर्ण्यासमोरचा निपर

एच.एम.व्ही.च्या तबकडीवर कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला कुत्रा आठवतो ना? तो निपर! जन्म १८८४, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. पाहुण्यांच्या पोटऱ्या पकडण्यात एकदम तरबेज. १८९५ मध्ये तो गेला, आणि मालकाचे भाऊ चित्रकार फ्रान्सिस बॅरॉ यांनी त्याचं चित्र रंगवलं ते त्यानंतर. खरी गंमत पुढेच आहे. मूळ चित्रात निपरसमोर होता दंडगोलाचा फोनोग्राफ. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनी म्हणाली, चित्र घेतो, पण यंत्र आमचं हवं! बॅरॉंनी जुन्यावरच नवं यंत्र रंगवलं. मूळ चित्र निरखून पाहिलं, तर खालच्या फोनोग्राफच्या खुणा दिसतात. निपरला मात्र कुणी हात लावला नाही. हा गुणी कुत्रा पुढे आपल्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवरही गरगर फिरला.